जुनी अंगठी : नाव वाचावे, ठसा पाहावा, मग दाम बोलावे

आमचा धंदा कापडाचा. दागिन्यांविषयी आम्ही काय लिहिणार, असे व्यापारी बांधवांना वाटेल. परंतु कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या मुलाला दोन गोष्टी आधी शिकवतात. ताग्याच्या टोकावरचा गिरणीचा शिक्का वाचावा, आणि शिक्का वाचल्यावरही कापड बोटांत धरून पाहावे. शिक्का खोटा मारता येतो; पोत खोटे बोलत नाही. जुन्या नामांकित अंगठ्यांच्या खरेदी-विक्रीत यापेक्षा वेगळे काही नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका नुकसानीमुळे. आमच्या फुफी वारल्या तेव्हा घरातील दागिन्यांची वाटणी झाली. एक जुनी अंगठी होती, मधला खडा थोडा घासलेला. वाटणी सोपी व्हावी म्हणून ती मोडीत दिली. काट्यावर वजन झाले, घट वजा झाली, पैसे हातात आले. काही महिन्यांनी कपाट आवरताना तिची लाल चामड्याची डबी सापडली. काठावर सोनेरी नक्षी आणि झाकणाच्या आत कार्तिये हे नाव. अंगठी खरोखर त्या घराची होती काय? हे आता कोणीच सांगू शकत नाही, कारण वितळवण्यापूर्वी आमच्यापैकी एकानेही तिच्या आतल्या बाजूला भिंग लावले नव्हते. तेव्हापासून जे शिकलो ते येथे मांडतो. आपले अनेक बांधव खडे विकतात, जडावाचे काम करतात, मोड घेतात. अशी वस्तू त्यांच्या हातून केव्हाही जाऊ शकते.

हे घर कोणते?

पॅरिसमध्ये 1847 साली लुई-फ्रान्स्वा कार्तिये याने आपल्या उस्तादाचे कारखानावजा दुकान चालवायला घेतले. तेथून हे घर सुरू झाले. 1899 साली ते पॅरिसच्या र्यू द ला पे या प्रसिद्ध रस्त्यावर गेले. तिसऱ्या पिढीतील तीन भावांनी काम वाटून घेतले. लुईने पॅरिस सांभाळले, पिएरने न्यूयॉर्क, आणि जाकने लंडन. एका नावाची तीन घरे झाली, प्रत्येकाचे कारागीर वेगळे, हिशेबाची दप्तरे वेगळी. जुनी अंगठी ओळखताना ती या तिघांपैकी कोणत्या घरची, हा पहिला प्रश्न असतो.

या घराचे आपल्या मुलखाशी जुने नाते आहे. 1911 साली दिल्ली दरबाराच्या निमित्ताने जाक कार्तिये हिंदुस्थानात आला. पुढे 1912 मध्ये तो मोत्यांसाठी आखातात, बहरीनला गेला. त्या काळी आखाताच्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती. अरब व्यापारी येथे माल आणत आणि येथून तो युरोपात जाई. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांनी आपले जवाहीर या घराकडे दिले आणि 1928 साली 2,930 हिऱ्यांचा प्रसिद्ध हार तयार झाला. हिंदुस्थानी कारागिरांनी पानाफुलांच्या आकारात कोरलेले माणिक, पाचू आणि नीलम घेऊन या घराने 1920 नंतर जे रंगीत दागिने केले, त्यांना आज लिलावात फार मोठी मागणी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. लुई कार्तिये इराणी आणि मोगल चित्रे, जुनी पुस्तके जमवीत असे. इस्लामी इमारतींवरील चौकटी, तारे, पायरीदार कंगोरे या घराच्या नक्षीत उतरले. यावर 2021 साली पॅरिसमध्ये आणि 2022 साली अमेरिकेतील डॅलस येथे खास प्रदर्शन झाले. ज्या घाटाला जग विलायती म्हणते, त्यातला काही भाग आपल्याच कारागिरांच्या घरातून गेलेला आहे.

काळ कसा ओळखावा?

व्यापारात साधारण शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणतात, त्यानंतरच्या जुन्या मालाला व्हिंटेज. विकणारा दोन्ही शब्द एकाच दमात वापरू लागला की सावध व्हावे.

1900 ते 1914 या काळात प्लॅटिनमचे नाजूक काम दिसते. पानाफुलांच्या माळा, बारीक मण्यांसारख्या कडा, जाळीदार कोंदण. 1920 नंतर सरळ रेषा, चौकोन आणि कोन आले. काळ्या ओनिक्सशेजारी पांढरा हिरा बसू लागला. 1924 साली तीन रंगांची तीन वळी एकमेकांत अडकवलेली अंगठी या घराने काढली. ती ट्रिनिटी नावाने आजही बनते. म्हणून ट्रिनिटी दिसली की ती जुनीच, असे समजू नये. दुसऱ्या महायुद्धात प्लॅटिनम लष्करी कामासाठी राखून ठेवले गेले, त्यामुळे 1940 च्या सुमाराचा माल बहुधा सोन्यात आणि जाड घाटाचा आढळतो. समजा, कोणी 1905 सालची म्हणून अंगठी दाखवली आणि तिचा घाट 1930 चा असला, तर बोलणे तेथेच थांबवावे.

ठसे काय सांगतात?

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि अंगठी आतून व बाहेरून पाहावी.

पॅरिसच्या मालावर 18 कॅरेट सोन्यासाठी गरुडाच्या डोक्याचा ठसा असतो. तो 1838 पासून चालू आहे. प्लॅटिनमसाठी कुत्र्याच्या डोक्याचा ठसा 1912 पासून आला. बाहेरून फ्रान्समध्ये आलेल्या सोन्यावर घुबडाचा ठसा असतो. म्हणजे घुबड पाहून पॅरिसची घडण म्हणता येत नाही. याशिवाय चौकोन टोकावर उभा केल्यासारख्या आकारात कारखानदाराची अक्षरे असतात. हे घर बाहेरच्या कारखान्यांकडूनही माल करवून घेत असे. त्यामुळे ती अक्षरे वेगळी निघाली म्हणून अंगठी लगेच खोटी ठरत नाही. ती कोणत्या कारखान्याची, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

लंडनच्या सोन्यावर तेथील तपासणी कचेरीचे चिन्ह म्हणून बिबट्याचे डोके आणि वर्ष सांगणारे अक्षर असते. त्या अक्षरावरून साल निघते. परंतु इंग्लंडमध्ये प्लॅटिनमची सरकारी तपासणी 1975 मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या लंडनच्या प्लॅटिनम अंगठीवर तो ठसा नसेल तर घाबरू नये, आणि असेल तर विचारावे. न्यूयॉर्कच्या मालावर सरकारी ठसा नसतो. घराचे नाव, धातूचा कस आणि क्रमांक एवढेच मिळते.

आता नावाविषयी. नाव कोरणे हे सर्वांत सोपे काम आहे. चांगल्या पण बेनाम जुन्या अंगठीवर नाव कोरले की तिची किंमत कितीतरी वाढते. म्हणून फसवणूक येथेच जास्त होते. पाहण्याची रीत अशी : अंगठी शंभर वर्षे बोटात फिरली असेल तर आतली बाजू झिजलेली असणार, आणि नावही तिच्याबरोबर झिजलेले असणार. भोवतालचे सोने झिजून गुळगुळीत झाले आहे आणि अक्षरांच्या कडा मात्र धारदार आहेत, तर ते नाव अंगठीनंतर आले. ही गोष्ट कापडवाल्याला समजावून सांगावी लागत नाही. धुऊन विरलेल्या धोतरावर कोरी छाप दिसली तर आपण काय म्हणू?

खडा आणि दुरुस्ती

जुन्या अंगठीतला खडा जुनाच असतो असे नाही, आणि जुना खडा अस्सलच असतो असेही नाही. फ्रान्सच्या व्हर्नुई याने ज्योतीवर माणिक बनवण्याची रीत 1902 साली जाहीर केली. तेव्हापासून बनावट माणिक बाजारात आहे. हिऱ्याचे पैलूही बोलतात. जुन्या हाताच्या पैलूंचा हिरा उंच असतो, माथा लहान असतो आणि खालचे टोक सपाट कापलेले दिसते. 1919 नंतर गणिताने बसवलेले गोल पैलू रूढ होत गेले. 1905 च्या कोंदणात आजच्या पैलूंचा हिरा असेल तर तो बदललेला आहे. रंगीत खड्यासाठी नामांकित प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा. खडा ब्रह्मदेशचा की दुसरीकडचा, तापवलेला की न तापवलेला, यावर दामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बदल म्हणजे नेहमी लबाडी नव्हे. इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने 1936 साली वॉलिस सिम्पसन यांना याच घराची 19.77 कॅरेटच्या पाचूची अंगठी दिली. तोच पाचू 1958 साली याच घराकडून नव्या कोंदणात बसवून घेतला गेला आणि 1987 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात विकला गेला. बदल झाला, पण तो लपवला नाही, म्हणून दाम टिकले. माप वाढवले, नवे कडे लावले, डाख दिला, खडा बदलला, यांपैकी जे झाले असेल ते बिलावर लिहून घ्यावे आणि विकताना लिहून द्यावे. कारागीर बांधवांना विनंती की जुनी नामांकित अंगठी दुरुस्तीला आली तर आतला ठसा घासून पॉलिश करू नये. दोन मिनिटांच्या चकाकीत गिऱ्हाइकाची निम्मी दौलत निघून जाते.

दाम आणि कायदा

दामाचे तीन भाग करावेत. धातू आणि खड्याची किंमत हा पहिला. घडणीची किंमत हा दुसरा. नावाची किंमत हा तिसरा. पहिला भाग बाजार सांगतो, दुसरा डोळा सांगतो, तिसरा फक्त पुरावा सांगतो. पुरावा नसेल तर तिसऱ्या भागाचा एक पैसाही देऊ नये. पुरावा म्हणजे जुने बिल, क्रमांक, पूर्वीच्या लिलावाची नोंद, आणि सर्वांत उत्तम म्हणजे त्या घराच्या दप्तराशी जुळलेली नोंद. लिलावात हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. त्यावर लिलाव घराचे शुल्क चढते, ते बहुधा पाव हिश्श्याच्या आसपास जाते. वर वाहतूक, विमा, कस्टम ड्युटी आणि जीएसटी. हा हिशेब बोली लावण्यापूर्वी करावा.

नाव मोठे असले तरी फॅशन फिरते हेही विसरू नये. 1917 साली पिएर कार्तियेने दहा लाख डॉलर किमतीची दोन पदरी मोत्यांची माळ आणि वर शंभर डॉलर रोख देऊन न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरील हवेली घेतली. पुढे जपानचे पैदास केलेले मोती बाजारात आले, भाव कोसळले. 1957 मध्ये ते मोती लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेले. हवेली मात्र आजही त्या घराचे दुकान आहे. घरचे भांडवल, उधारीची रक्कम किंवा मुलीच्या लग्नाचा पैसा अशा मालात अडकवू नये.

कायद्याचे दोन शब्द. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. पाहुण्याच्या हाती अंगठी दुबईला पाठवू, असे म्हणण्याआधी जाणकार वकिलाला विचारावे. आणि विकण्यासाठी घेतलेली अंगठी हा तिजारतीचा माल आहे. तिची जकात नुसत्या सोन्याच्या वजनावर नव्हे, तर आजच्या बाजारभावावर अडीच टक्के काढावी. वापरातल्या दागिन्याचा मसला आपल्या आलिमांना विचारावा.

रिकामी डबी

शेवटी पुन्हा फुफींच्या डबीकडे येतो. मागे एक दलाल आमच्याकडे आले. डबीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. म्हणाले, "शेठ, अंगठी गेली तर गेली, डबी द्या. रिकाम्या डबीचेही चांगले पैसे देतो." आम्ही विचारले, "रिकामी डबी घेऊन तुम्ही काय करणार?" ते हसले, बोलले काही नाही.

उत्तर आम्हाला समजले. त्या डबीत उद्या एक बेनाम अंगठी बसणार, आत नवे नाव कोरले जाणार, आणि आमच्यासारखाच कोणी गिऱ्हाईक डबी पाहून दाम मोजणार. डबी अस्सल, नक्षी अस्सल, फक्त माल खोटा. आम्ही डबी दिली नाही. त्यात नफा गेला, असे घरातही कोणी म्हणाले. परंतु माल विकताना त्यातील ऐब सांगावा ही आपल्या तिजारतीची पहिली शिकवण आहे. दुसऱ्याच्या लबाडीला आपल्या हाताने वेष्टन पुरवायचे, मग ऐब सांगायला तोंड कुठे राहिले?

तेव्हा व्यापारी बांधवांनी आणि कारागिरांनी एवढे ध्यानात ठेवावे. घेताना डबी बाजूला ठेवून अंगठी पाहावी. मोडीत घेताना आधी भिंग लावावे, आणि आत नाव दिसले तर समोरच्या माणसाला ते सांगावे, मग तो गरीब असो की अजाण. आमच्या फुफींची अंगठी ज्यांनी वितळवली त्यांनी आम्हाला फसवले नाही. त्यांनीही पाहिले नाही, आम्हीही पाहिले नाही. पाहण्यास दोन मिनिटे लागली असती.