बोर्डावर ब्रुअरी, आत बाटली

आधीच सांगून टाकतो, मी काही दारूबंदीवाला नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी बिअर होते, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा ‘दाजींना मुळात पिणंच पसंत नाही, म्हणून त्यांनी हॉटेलात तमाशा केला’ असं जे माझा शालक पुण्यात सांगत सुटलाय, ते खोटं आहे. तमाशा केला तो कशापायी, तेवढं लिहितो.

डिसेंबर २०२४. पुण्याहून भडगावला यायचं होतं. गाडी शालकाची, चालवणाराही तोच. मी, साडू आणि शालकाचा एक मित्र असे चौघे. नगर, संभाजीनगर, कन्नड, घाट उतरून चाळीसगाव आणि घर. दुपारीच आईचा फोन आला होता: बामणोदची वांगी आणलीत, भरीत करतेय, रात्री या. खानदेशात थंडीत भरिताचं निमंत्रण म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. काड्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं, बडगीत ठेचलेली हिरवी मिरची, सोबत कळण्याची भाकरी. हे वाट पाहत असताना आम्ही वाटेत थांबलो. इथपर्यंतची चूक माझी, मान्य.

थांबायचं कारण वाळूज. शालक म्हणाला, ‘‘दाजी, अख्ख्या महाराष्ट्राची बिअर इथल्या एमआयडीसीत बनते. इथे नाही ताजी मिळणार तर कुठे?’’ तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. वाळूजला मोठमोठे बिअर कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात त्यांचं पाणी अर्ध्याहून अधिक तोडायचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता, इतके मोठे. पण कारखान्यात बनलेली बिअर गाळून, पाश्चराइज होऊन, बाटलीत भरून गोदामात जाते. कारखान्याशेजारच्या हॉटेलात ती नळाने येत नाही. साखर कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर चहा काही जास्त गोड मिळत नाही, तसंच हे. तेव्हा मात्र हे डोक्यात आलं नाही.

तर रस्त्याला लागून एक जागा दिसली. कुठे, ते लिहीत नाही. पिवळे दिवे, लाकडी पिंपं, आणि भल्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत नावापुढे ‘ब्रुअरी’. मेन्यूत ‘हाऊस लागर, माईल्ड’. वेटरने तीन लिटरचा टॉवर आणून ठेवला, मधल्या नळीत बर्फ. टॉवरला २९०० रुपये. आम्ही दोन मागवले. शालक म्हणाला, ‘‘माईल्ड आहे, दोन मग घेतले तरी घाटाला काही होत नाही.’’ मी मान हलवली. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

जेवणाचं एका वाक्यात सांगतो: शेवभाजी मागवली आणि पस्तावलो. शेव रश्श्यात कधीची टाकून ठेवली होती देव जाणे, तिचा पार गिचका झालेला, आणि रस्सा नुसता रंगाने लाल. खानदेशी माणसापुढे असली शेवभाजी ठेवायला छाती लागते.

दुसरा टॉवर संपत आला तेव्हा हात धुवायला उठलो. बेसिनचा नळ बंद होता, म्हणून एका पोराने मागच्या बाजूला नेलं. तिथे फरशीवर प्लास्टिकचे क्रेट रचलेले. दुसरा एक पोरगा उकिडवा बसून, मांडीत टॉवर धरून, बाटल्या फोडून आत ओतत होता. एक, दोन, तीन, चार. चारवर थांबला, बर्फाची नळी आत खुपसली, तशी पातळी भसकन वर आली. पायाशी बुचांचा ढीग. मी बाटली उचलून लेबल वाचलं. कुठल्याही परमिट रूममध्ये मिळते ती बिअर, आणि ती स्ट्राँग.

मी काही बोलणार, तोच मला मागे घेऊन आलेल्या, माझं फोनवरचं बोलणं मघाशी ऐकलेल्या पोराने विचारलं, ‘‘दादा, कोठला शेतस तुम्ही?’’ म्हटलं, भडगावना. तो म्हणाला, ‘‘मी कजगावना.’’ आमच्याच तालुक्यातलं पोरगं. मग हळूच, ‘‘आठे टाकी बिकी काहीच नई, दादा. बाटलीच शे.’’ आणि लगेच, ‘‘मनं नाव नका सांगज्यात.’’ नाही सांगितलं. आजही सांगत नाही.

पैशाचं दुःख नंतर झालं. आधी पोटात गोळा आला तो शालकाच्या दोन मगांमुळे. माईल्ड म्हणजे पाच टक्क्यांच्या आत, स्ट्राँग आठ टक्क्यांपर्यंत जाते. आणि पुढे कन्नडचा घाट, रात्रीचा, धुक्याचा.

मॅनेजर शांत होता. इतका शांत, की हे त्याला रोजचं असणार. मी म्हटलं, तुम्ही इथे बिअर बनवत नाही. तो म्हणाला, ‘‘साहेब, ब्रुअरी हे आमचं नाव आहे. इथे बनते असं कुठे लिहिलंय?’’ मी म्हटलं, मेन्यूत माईल्ड लिहिलंय. तो म्हणाला, ‘‘आज माईल्ड संपली होती, वेटर सांगायला विसरला असेल.’’ तीन लिटरच्या टॉवरमध्ये चार बाटल्या म्हणजे दोन लिटर सहाशे, असं म्हटल्यावर तो चक्क हसला. ‘‘टॉवरच्या मापात बर्फ धरलेला असतो.’’ हे वाक्य मी आजवर दहा जणांना ऐकवलंय. दरवेळी नव्याने राग येतो.

बिल ९४७३ रुपये ५० पैसे. बिअर ५८००, जेवण १९००, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, बिअरवर दहा टक्के व्हॅट आणि वरून सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. इथे मी अडून बसलो. मद्यावर जीएसटी नाही. त्याला व्हॅट लागतो, जो परमिट रूमसाठी नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला. सर्व्हिस चार्ज बिलात सक्तीने लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय. अर्धा तास घासाघीस झाली तेव्हा बिल ८३७५ वर आलं. शालक मागून पुटपुटत होता, ‘‘दाजी, अकराशे रुपयांसाठी कशाला...’’ तमाशा म्हणतात तो एवढाच.

गाडी मी हलवू दिली नाही, कुणाला काय बोलायचं ते बोलो. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विम्याचं झंझट आणखी निराळं. मॅनेजरला म्हटलं, गाडी चार तास पार्किंगमध्ये राहू द्या. तो म्हणाला, ‘‘पार्किंग ग्राहकांसाठी आहे.’’ साडेआठ हजार मोजून दहा मिनिटंही झाली नव्हती! आम्ही चौघांनी गाडी ढकलत शेजारच्या पेट्रोल पंपावर नेली, तिथून चाळीसगावच्या भाच्याला फोन लावला. तो मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून मध्यरात्री घाट चढून आला, गाडी घेतली आणि मला फक्त एवढंच म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही पण?’’

आता ज्यांना थांबायचंच आहे त्यांच्यासाठी. खरी मायक्रोब्रुअरी असते, पुण्यात डुलाली २००९ मध्येच सुरू झाली, त्यात बनवाबनवी नाही. तिथे काचेमागे स्टीलच्या टाक्या दिसतात. नसतील दिसत तर दाखवा म्हणायचं. खरा बनवणारा कौतुकाने दाखवतो, आज कुठली तयार आहे ते सांगतो, आधी घोटभर चाखायलाही देतो. गव्हाची ताजी बिअर बहुधा गढूळ असते. काचेसारखी लख्ख पिवळी आली तर विचारायला लाजू नका. टॉवर मागवूच नका. बाटली मागवा, समोर फोडायला सांगा, लेबल वाचा. परवाना भिंतीवर आहे का बघा. परमिट रूमचा एफएल-३ असतो, तो नसलेल्या ढाब्यावर चोरून बिअर प्यायलात तर दारूबंदी कायद्यात मालकासोबत गिऱ्हाईकही अडकतं. प्यायचा स्वतःचा परवाना काढून ठेवा, वर्षाचा शंभर रुपयांत होतो, आजन्म हजारात. पाणी प्या, पोटभर खा वगैरे सगळे सांगतातच.

आणि चालवणारा कोण, ते गाडीत बसतानाच ठरवा. हॉटेलच्या दारात ठरवलं तर ज्याची गाडी, त्याचा शब्द.

पहाटे तीनला घरी पोचलो. आईला पंक्चरचं सांगितलं होतं. भरीत झाकून ठेवलेलं होतं, पार गार. साडू दोन भाकऱ्या खाऊन वर म्हणाला, ‘‘इथेच यायचं होतं ना सरळ.’’

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार करायची म्हणून बिल जपून ठेवलं होतं, गाडीच्या कप्प्यात. तुम्ही मात्र बिलाचा तिथेच फोटो काढा. महिन्याभराने शालकाकडून मागवून पाहिलं तर त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडाली होती. वरचं ‘ब्रुअरी’ तेवढं वाचता येत होतं. ते छापील होतं.