पाठांतराला बसण्याआधी

अगं, श्लोक पाठ करायचा ना? मग आधी पेन्सिल हातात घे, म्हणायला नंतर लाग. जिथे संधी दिसेल तिथे उभी रेघ मार. 'इत्युक्त्वा' असेल तर 'इति' आणि 'उक्त्वा', 'तस्यैव' असेल तर 'तस्य' आणि 'एव'. मनाला एका वेळी चार-पाच तुकड्यांपलीकडे धरवत नाही, पण तुकडा केवढा करायचा ते आपल्या हातात असतं. न फोडलेला अनुष्टुभ म्हणजे 32 अक्षरं. फोडलास की दहा-बारा पदं, आणि अन्वय लावलास की एखाद-दुसरं वाक्य.

वेदपाठी हेच करत आले. शाकल्यांनी ऋग्वेदाचा पदपाठ केला, म्हणजे संहितेतले संधी सोडवून एकेक पद सुटं केलं. मग क्रमपाठ: पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं. जटेत तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनात तिसरं पदही त्या फेऱ्यात येतं. एखादं पद गळलं तर पुढची जोडी जुळतच नाही, चूक तिथल्या तिथे उघडी पडते. एवढं मोठं वाङ्मय स्वरांसकट तोंडी टिकलं ते या बांधणीमुळे. माणसाच्या स्मरणाने याहून थोर काम केलेलं मला तरी दिसत नाही. तुला घन नको, क्रम पुरे. त्यातही एका चरणाचं शेवटचं पद आणि पुढच्याचं पहिलं, ही जोडी वेगळी काढून म्हण. अडखळायला होतं ते बहुधा तिथेच.

अर्थ कळल्याशिवाय मात्र घोकू नकोस. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरणं मोजलं आणि 1885 मध्ये ते छापलं. तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटलं, पुढे घसरण मंदावत गेली. त्यानेच बायरनच्या काव्यातली कडवी पाठ केली, तेव्हा कष्ट जेमतेम दहाव्या हिश्श्याचे पडले. अर्थ, लय आणि यमक यांचा आधार एवढा मोठा असतो.

म्हणून आज पाठ केलेलं संध्याकाळी एकदा म्हण, मग उद्या, मग चार दिवसांनी. पुस्तक मिटूनच. बघून दहादा वाचलं की येतंय असं वाटतं, पण ती नुसती ओळख असते. अडलीस तरी लगेच पान उघडू नकोस, थोडी झगड. दिवेलागणीच्या परवच्यात पावकी, निमकी, औटकी रोज अशीच तोंडाने काढून घेत. आणि जागरण नको, पाठ केलेलं झोपेत पक्कं होतं.

राहिलं 'देव' शब्द चालवणं. आधी उभे रकाने न्याहाळ. द्विवचनाची घरं आठ, रूपं तीनच: देवौ, देवाभ्याम्, देवयोः. बहुवचनात चतुर्थी-पंचमीला एकच, देवेभ्यः. पुढे 'वन' घेशील तेव्हा तृतीयेपासून सप्तमीपर्यंत सगळं देवासारखंच. तिथे प्रथमा, द्वितीया आणि संबोधन एवढंच नव्याने करायचं.