मागणी घालायची, पण गर्दीत नको

प्रश्न : माझा मित्र वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. मैत्रिणीला नवरात्रात, गरब्याच्या मैदानावर, सगळ्यांसमोर लग्नाची मागणी घालायची म्हणतो. आम्ही मित्रांनी तयारी कशी करावी?

उत्तर : तयारीआधी मित्राला एकच विचारा : लग्नाचा विषय दोघांत कधी निघाला आहे का? निघाला नसेल, तर थांबा. वेळ आणि जागा अचानक समोर यावी, पण लग्नाचा विचारच तिला नवा असू नये.

गरब्याचं मैदान मला पटत नाही. हजारो डोळे रोखलेले असताना ‘मला विचार करू दे’ एवढंही मुलीला म्हणता येत नाही, आणि तेवढी मोकळीक तिला हवीच. त्यातून कुणीतरी व्हिडिओ काढणार, तो तिच्या आईवडिलांपर्यंत तिच्याआधी पोहोचणार. मराठी घर असो वा गुजराती, हे फार लागतं.

मकरपुरा राजवाडा जवळ असला, तरी तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तो विचार सोडा. सयाजीबाग चांगली. सयाजीराव महाराजांनी १८७९मध्ये उभारलेली ही बाग सकाळी लवकर निवांत असते. वेळ हवा असेल, तर सुटीच्या दिवशी चांपानेरला जा.

अंगठीच्या मापासाठी तिची रोजची अंगठी बहिणीकरवी तासभर मिळवा आणि सोनाराला दाखवा. ती कोणत्या बोटातली, हे मात्र नक्की विचारा. तुम्ही मित्रमंडळी त्या वेळी बागेबाहेर थांबा. तिने स्वतः बोलावलं, तरच आत जा.