गोटीची बाटली

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक शेतकरी येतात. वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना आबा म्हणतात. एका संध्याकाळी आबा पाटी आणायला विसरले, पण पिशवीतून एक बाटली मात्र घेऊन आले. पडक्या घराचे जोते उकरताना ती सापडली होती. काच जाड आणि हिरवट. गळ्याजवळ दोन्ही अंगांनी चिमटल्यासारखी. आत काचेची एक गोटी खुळखुळत होती.

"गोटी काही निघंना," आबा म्हणाले. "फोडणारच होतो. पण अंगावर अक्षरं दिसली. म्हटलं, आधी वाचून तरी बघू."

आम्ही बाटली दिव्याजवळ धरली. काचेवर उठावाची देवनागरी अक्षरे होती. आबांनी त्यावर बोट फिरवले आणि वाचले, "सो... डा." पुढचे वाचता येईना. खांद्याचा टवका उडाला होता. कारखान्याचे नाव आणि गावाचे नाव, दोन्ही त्या टवक्याबरोबर गेले होते.

"अशा अजून दहा-बारा होत्या," आबा म्हणाले. "मागल्या साली भंगारवाल्याला घातल्या, किलोवर. तवा वाचता कुठं येत होतं?"

वर्गात कोणी हसले नाही. त्या दहा-बारांपैकी एखादीवर तरी पुरते नाव असणार, हे सगळ्यांना कळले. म्हणून त्या दिवशीचा ठरलेला धडा आम्ही बाजूला ठेवला आणि बाटलीचाच धडा घेतला. तोच येथे देत आहोत.

गोटीची बाटली मूळची इंग्लंडची. सोड्याच्या पाण्यात वायू दाबून भरलेला असतो. तो सारखा बाहेर पडू पाहतो. आधी बाटलीला लाकडी सालीचे बूच लावीत. बूच वाळले की आकसते आणि वायू निसटतो. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गोल बुडाच्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्या राहातच नसत. आडव्याच ठेवाव्या लागत. मग बूच आतल्या पाण्याने ओले राही. युक्ती चांगली, पण टेबलावर ठेवली की बाटली गडगडत जाई!

हिरॅम कॉड नावाच्या इंग्रज कारागिराने यावर तोड काढली. १८७२ साली त्याने गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. बाटलीच्या तोंडाशी आतून एक खाच असते. खाचेत रबराचा वायसर बसवतात. बाटली उलटी धरून भरतात. उलटी धरली की गोटी तोंडाशी येते. आतला वायू तिला वायसरवर दाबून धरतो. झाले झाकण! जितका दाब जास्त, तितके झाकण घट्ट. म्हणजे जो वायू पळून जायला बघतो, त्यालाच राखणदार केले. आम्हांला तर ही युक्ती फार आवडते.

उघडताना लाकडी दट्ट्याने गोटी आत दाबायची. फट्ट आवाज होतो आणि गोटी गळ्यात उतरते. गळ्याला चिमटे काढलेले असतात ते यासाठीच. पिताना बाटली कलती केली, तरी गोटी त्या खोबणीत अडकून राहते आणि तोंड बंद करीत नाही. गोटी आत घालून मगच बाटलीचे तोंड अरुंद करतात. म्हणून बाटली फोडल्याशिवाय गोटी निघत नाही.

आणि इथेच घोटाळा झाला. पोरांना गोट्या हव्या असत. इंग्लंडातल्या पोरांनी बाटल्या फोडल्या, आपल्याकडच्यांनीही फोडल्या. पुढे अमेरिकेत विल्यम पेंटर याने १८९२ साली पत्र्याच्या दातेरी बुचाचे पेटंट घेतले. ते बूच स्वस्त पडले. हळूहळू गोटी मागे पडली. बाटल्या पुष्कळ निघाल्या होत्या, पण शाबूत थोड्या उरल्या. आज इंग्लंडात हौशी लोक जुने उकिरडे खणून अशा बाटल्या शोधतात. गडद निळ्या काचेच्या बाटलीला तर मोठे मोल येते. आपल्याकडे मात्र गोटी सोडा अजून संपलेला नाही. जत्रेत, बाजारात तो मिळतो आणि त्याच्या नव्या बाटल्याही निघतात. तेव्हा आत गोटी आहे म्हणून बाटली जुनी, असे समजू नका.

मग जुनी बाटली ओळखावी कशी? आधी अंगावरून बोट फिरवा. साच्यातल्या बाटलीला दोन बाजूंना सांध्याची उभी रेघ असते. हाताने केलेल्या बाटलीची रेघ मानेपर्यंत येते आणि तोंडाखाली संपते, कारण तोंड शेवटी हातानेच वळवीत. यंत्राच्या बाटलीची रेघ थेट ओठावरून जाते. पूर्ण आपोआप चालणारे यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्स याने १९०३ च्या सुमारास केले. पण आपल्या देशात हातकाम पुढेही पुष्कळ वर्षे चालले. म्हणून नुसत्या रेघेवरून साल सांगू नये. काचेतले बुडबुडे पाहावे, बूड पाहावे. वाळूत लोखंडाचा अंश असला की काच हिरवट होते. आबांची बाटली हिरवट आहे ती त्यामुळेच.

महाराष्ट्रात काच कशी आली, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला. लोकमान्य टिळकांनी त्या कामाला पाठबळ दिले. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. तिथे नुसती काच होत नव्हती, काचेचे कारागीरही तयार होत होते. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्या जागेला ओगलेवाडी हेच नाव पडले. त्यांचा प्रभाकर कंदील तुमच्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर अजून असेल. असला तर खाली काढा आणि त्यावरचे नाव वाचा.

बाटल्या नुसत्या सोड्याच्याच नसतात. वर्गातल्या एका काकूंना दवाखान्यातली मिक्श्चरची बाटली आठवली. कंपौंडर कागदाची पट्टी कातरून त्या बाटलीला चिकटवीत असे. एक खाच म्हणजे एक डोस. "मला अक्षर येत नव्हतं, पण खाच कळायची," काकू म्हणाल्या. विषाच्या बाटलीचे असेच होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात विषारी औषधाची बाटली मुद्दाम निळी किंवा हिरवी, सहा कोनांची आणि अंगावर कंगोरे असलेली करीत. का? रात्री अंधारात हात लागला तरी कळावे की ही पिण्याची नव्हे. न वाचता येणाऱ्यालाही बोटांनी कळे. अशी बाटली तुम्हांला सापडली आणि आत काही उरलेले असले, तर उघडू नका, हुंगू नका. पोरांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

जुन्या वस्तू जमवणे हे श्रीमंतांचे काम, असे पुष्कळांना वाटते. पुण्याचे दिनकर केळकर चष्म्याच्या दुकानातले गृहस्थ. कवीही होते. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी जमवली. लोकांना त्या वस्तू अडगळ वाटत. आपल्या वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केले आणि तो सगळा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. पुण्याला गेलात तर ते पाहून या. आपल्या आजीच्या घरातल्या वस्तू तिथे काचेच्या कपाटात दिसतील.

जमवायचे तर थोडी शिस्त हवी. बाटली सापडली की कुठे, कधी, कोणाला सापडली हे लगेच चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठी नसली की बाटली मुकी होते. कढत पाण्यात घालू नये, तडकते. वाळूने घासू नये, अक्षरे झिजतात. कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. उकरताना पायात जोडे असावेत. किल्ला, जुने देऊळ, दफनभूमी इथे कुदळ लावू नये. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे असा १८७८ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. अशी वस्तू कोणाला परस्पर परदेशी पाठवता येत नाही. कोणी पाहुणा येऊन "द्या, मी बाहेर विकतो" म्हणाला, तर हे त्याला सांगा.

आता आबांच्या बाटलीचे पुढे काय झाले ते सांगतो. वर्गातल्या पोरांनी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजींना ती दाखवली. आजींनी हातात घेऊन गोटी खुळखुळवली. म्हणाल्या, "ही तर जत्रंतली. बैलगाडीतनं पेट्या यायच्या. तालुक्याला वेशीजवळ त्याचं घर होतं, दारात मशीन होतं. नाव नाही बाई आठवत."

आबांनी चिठ्ठी स्वतः लिहिली. अर्धा तास लागला. 'वेशीजवळ' हा शब्द त्यांनी दोनदा खोडला. येत्या बाजाराच्या दिवशी ते तालुक्याला जाणार आहेत, वेशीजवळच्या घरांत विचारायला. भंगारवाल्यालाही त्यांनी निरोप धाडला आहे, पण त्या बाटल्या केव्हाच भट्टीत वितळल्या असतील. बाटली वर्गाच्या फळीवर आहे. चिठ्ठीत 'कारखान्याचे नाव' असे लिहून आबांनी पुढची जागा मोकळी सोडली आहे.