भजनाच्या पडद्याला वेळ लावताना

मुक्ताईनगरच्या एका भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. वहीच्या जागी टॅब्लेट आला त्याला फार काळ झालेला नाही. नवी मुलं गायला बसतात, त्यांचं पाठांतर कच्चं असतं, तेव्हा ओळी आपोआप वर सरकवणारं ॲप त्यांना मोठा आधार वाटतं. तो आधार ऐन वेळी कसा सुटतो, हे मी पाहिलं आहे.

वैशाख वद्य दशमीला आमच्या जवळच्या कोथळीत संत मुक्ताईचा अंतर्धान सोहळा असतो. त्या दिवसांत एक मुलगी मुक्ताईचे ताटीचे अभंग गायला बसली. ॲपमध्ये वेळ लावलेली होती आणि सरावाला ती जुळलीही होती. पण सरावाला टाळकरी नव्हते. भजनाला तिची प्रत्येक ओळ टाळकऱ्यांनी मागून उचलली, बुवांनी एका चरणावर आलाप घेतला, मृदंगाने दोन आवर्तनं जास्त घेतली. पडदा आपला चालतच राहिला. तिने नजर वर केली तेव्हा समोर पुढचाच कुठला तरी अभंग होता. त्यात ताटीच्या अभंगांत शेवटी तीच विनवणी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे आपण कितव्या अभंगावर आहोत ते ओळ बघून कळेना. ती थांबली. बुवांनी सावरून घेतलं, पण त्या दिवशी ती पुन्हा गायली नाही. मला ते फार लागलं.

आता हिशेब पाहा. भजनी ठेक्याचं आवर्तन ८ मात्रांचं. मिनिटाला १०० मात्रांची लय असेल तर एका आवर्तनाला ४.८ सेकंद लागतात. लय चढत १६० वर गेली की तेच आवर्तन ३ सेकंदांत संपतं. म्हणजे एकूण वेळ अचूक मोजली तरी एकाच वेगाने सरकणारा पडदा मधल्या चरणांत पुढे गेलेलाच असणार. ऑर्केस्ट्रात तयार ट्रॅकवर गाणाऱ्यांना ही वेळ लावणं चालतं. मधल्या वाद्यसंगीतापुरत्या रिकाम्या ओळी सोडल्या की झालं. भजन मात्र घड्याळावर चालत नाही.

टेलिप्रॉम्प्टर १९५० च्या सुमारास अमेरिकेत निघाला, तेव्हा कागदाची गुंडाळी फिरायची आणि बोलणाऱ्याकडे बघून एक माणूस तिचा वेग कमी-जास्त करायचा. आपण तो माणूसच काढून टाकला. त्याला परत आणा. आपोआप सरकणं बंद करा, एका पानावर एकच चरण घ्या, वर ध्रुपद कायम ठेवा आणि अभंगाचा क्रमांक कोपऱ्यात ठळक घाला. ताटीच्या अभंगांना तर हा क्रमांक हवाच. पान उलटायला ब्लूटूथ पेडल मिळतं, पण मांडी घालून बसलेल्याला ते पायाने दाबता येत नाही. चाल माहीत असलेल्या आणि हातात टाळ नसलेल्या एकाकडे ते द्या. त्याने पडद्याकडे नाही, गाणाऱ्याकडे बघायचं. सरावही टाळकऱ्यांसह करा, नाहीतर तो सराव नव्हेच.

आपल्याकडच्या उन्हाचंही भान ठेवा. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनीच सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. तापलेला पडदा आधी अंधूक होतो, मग बंदच पडतो. म्हणून टॅब्लेट सावलीत ठेवा, पाठीमागून हवा लागू द्या. शिवाय फोन आणि संदेश बंद करा, पडदा आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका.

एवढं करूनही वही जवळ असू द्या. आणि बुवालोकांना माझी विनंती आहे: पोरांकडून निदान प्रत्येक चरणाचा पहिला शब्द तोंडपाठ करून घ्या, त्याआधी त्यांना पडद्यासमोर बसवू नका.