हवामानाचा अंदाज आणि महासंगणकातील नोंदी

खळ्यावर मळणी झपाट्याने उरकली, परंतु धान्य कोठारात नेण्यास एकच गाडी असली, तर रास उघड्यावर पडून राहते. हवामानाचा अंदाज वर्तविणाऱ्या महासंगणकासही हाच न्याय लागू पडतो.

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०२४ साली 'अर्क' हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याची गणनशक्ती ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदास सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी इतकी आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत अंदाज प्रणालीत दोन बिंदूंतील अंतर १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आले. अंतर निम्मे झाले की तेवढ्याच प्रदेशातील बिंदू चौपट होतात. प्रत्येक बिंदूवरील तापमान, आर्द्रता व वारा निरनिराळ्या उंचींवर नोंदवावा लागत असल्याने नोंदींचा भारही वाढतो.

गणित हजारो प्रक्रियक एकाच वेळी करतात. मात्र साठवणुकीच्या तबकड्यांवर लिहिण्याचा वेग त्यामानाने फार कमी असतो. सर्वांनी एकाच फाइलीत लहान लहान नोंदी लिहू म्हटल्यास ते परस्परांची वाट पाहत खोळंबतात आणि गणनशक्ती वाया जाते. यावर पुढील उपाय योजतात :

(१) अनेक प्रक्रियकांच्या नोंदी थोड्या प्रक्रियकांकडे गोळा करून मोठ्या भागांत लिहाव्यात.

(२) एकच फाइल पट्टे पाडून अनेक तबकड्यांवर विभागावी.

(३) काही प्रक्रियक केवळ लेखनासाठी राखून ठेवावेत. म्हणजे उरलेल्यांचे गणित खंडित होत नाही.

(४) आवश्यक तेवढ्याच नोंदी, योग्य कालांतराने साठवाव्यात.

वाचनाचेही महत्त्व तितकेच आहे. आरंभी उपग्रह, रडार व वेधशाळा यांची निरीक्षणे आत घ्यावी लागतात आणि शेवटी साठविलेल्या नोंदी पुन्हा वाचूनच पावसाचे नकाशे तयार होतात. यापैकी एक टप्पा रेंगाळला तरी अंदाजास विलंब होतो. फवारणी पावसाने धुऊन गेल्यानंतर हाती आलेला अंदाज कितीही अचूक असला, तरी त्याचा शेतकऱ्यास काय उपयोग ?

म्हणून शेतकरी बांधवांनी हवामान-सल्ला वाचताना त्यावरील दिनांक व मुदत प्रथम पाहावी. मुदत संपलेल्या सल्ल्यावरून पेरणी अथवा फवारणीचा निर्णय घेऊ नये.