क्रियापद आधी, कर्ता मागाहून

बारावीच्या वर्गात 'नो सूनर'चं वाक्य दरवर्षी फळ्यावर येतं. 'ॲज सून ॲज' काढा, 'नो सूनर... दॅन' घाला, गुण घ्या. वाक्य उलटतं का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. इंग्रजी शिकवता शिकवता त्याबद्दल जे हाती लागलं, ते असं.

१. मराठीची सवय बाजूला ठेवावी. 'रामाने आंबा खाल्ला' म्हणा की 'आंबा खाल्ला रामाने', खाणारा रामच. प्रत्यय त्याची साथ सोडत नाही. इंग्रजी नामांना असे प्रत्यय उरले नाहीत. तिथे कर्ता जागेवरून ओळखायचा, म्हणून उलटापालट ठरावीक ठिकाणीच.

२. त्यातलं मुख्य ठिकाण नकाराचं. नेव्हर, सेल्डम, हार्डली, नो सूनर यांपैकी काही वाक्याच्या तोंडाशी आलं की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन'. सहायक नसेल तर डू, डज किंवा डिड आणायचं. इथे मुलं हमखास 'नो सूनर डिड द बेल रँग' लिहितात. भूतकाळ 'डिड'ने उचलला, आता 'रिंग' मोकळं झालं, असं सांगितलं की लगेच पटतं.

३. 'ओन्ली' नीट पारखावा. 'ओन्ली आफ्टर ही लेफ्ट डिड आय रिमेंबर' यात उलटतं ते मुख्य वाक्य; 'ही लेफ्ट' जागचं हलत नाही. 'ओन्ली माय मदर न्यू' यात काहीच उलटत नाही, कारण 'ओन्ली' कर्त्यालाच चिकटलाय. एवढा फरक कळला तरी अर्धी लढाई जिंकली.

४. मला सर्वांत आवडतं ते स्थळाचं वाक्य: 'ऑन द हिल स्टूड अ फोर्ट'. इथे 'डिड' लागत नाही. वाचकाची नजर आधी टेकडीवर जाते, मग किल्ला दिसतो. नवी गोष्ट शेवटी येते. म्हणूनच 'हिअर कम्स द बस', पण 'हिअर इट कम्स': 'इट' म्हणजे आधीच माहीत असलेली बस, तिला शेवटचा मान कशाला?

५. 'हॅड आय नोन', 'शुड यू नीड' यांत 'इफ' गळतो. पत्रात शोभतात, गप्पांत जड होतात.

६. बोलायला शिकणाऱ्याला आधी 'सो डू आय' आणि 'नायदर डू आय' द्यावेत, रोज लागतात. आणि 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' तिथल्या तिथे दुरुस्त करावं. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम सरळ होतो: 'व्हेअर ही इज'.